बोललेले विरते, बिल उरते

२०२५च्या जून महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या दारात एक परिचित गृहस्थ येऊन उभे राहिले. बोईसरला राहणारे, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकवीस वर्षे पाळीचे काम केलेले. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांची गुंडाळी. बसायलाही तयार नव्हते. म्हणाले, "दादा, तुम्ही हिशेबातला माणूस. एवढं जरा बघा. हप्ता चार हजार सांगितला होता आणि खात्यातून चव्वेचाळीसशे पन्नास कापले."

मुलगी बारावी पास झाली होती. पुढे बी.एस्सी. आय.टी.ला जायचे म्हणत होती. तिच्यासाठी लॅपटॉप घेतला होता. घरात आजवर आलेली ही सर्वांत महागडी वस्तू. टीव्ही आणि फ्रिज दोन्ही मिळून त्याच्या निम्मेही नव्हते. आम्ही चहा ठेवायला सांगितला, पिशवीतले कागद सतरंजीवर पसरले आणि पेन्सिल घेऊन बेरीज करायला बसलो.

वाचक बंधू-भगिनींनो, ती बेरीज आणि त्यानंतर घडलेले सारे आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत. कारण अशा पिशव्या घेऊन पालघर, बोईसर आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून आमच्याकडे येणारे ते गृहस्थ पहिले नव्हते.

बेरीज काय सांगते?

रोख घेतला असता तर लॅपटॉप ४६,००० रुपयांना मिळाला असता. हप्त्यावर ४८,०००. "शून्य टक्के व्याज, बारा महिने, महिना चार हजार," असे विक्रेत्या मुलाने तोंडी सांगितले. इथपर्यंत बारा चोक अठ्ठेचाळीस, हिशेब बरोबर.

पण कागद वेगळेच बोलत होते. वाढीव वॉरंटी २,९९९ रुपये. स्क्रीन फुटल्यास संरक्षण १,४९९ रुपये. अँटीव्हायरस ८९९ रुपये. हे तिन्ही कर्जाच्या रकमेत मिसळलेले. त्यामुळे कर्ज ४८,००० न राहता ५३,३९७ झाले, आणि त्याला बाराने भागले की येतो ४,४५० रुपयांचा हप्ता. शिवाय कर्ज मंजुरीचे शुल्क म्हणून १,१९९ रुपये दुकानातच रोख घेतलेले. एकूण ५४,५९६ रुपये. म्हणजे ४६,०००च्या वस्तूसाठी साडेआठ हजारांहून अधिक रुपये जादा, आणि व्याज मात्र "शून्य टक्के"!

आम्ही विचारले, "भाऊ, सही करताना हे वाचले नाही का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिली पाळी सुटल्यावर तसाच गेलो होतो, कामाच्या कपड्यावर. वीस मिनिटं कुणी विचारलं नाही. मग एक पोरगा आला, म्हणाला, 'अंकल, बजेट कितना है?' मी पंचवीस हजार म्हणालो तर हसला. पोरगी बाजूला उभी होती, दादा. मग मीच म्हणालो, चांगला दाखव. त्यानं जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. मोबाईलवर नंबर आला तोही त्याला सांगितला. कोणता कागद कसला, हे विचारायला जीभच रेटेना."

आमची पेन्सिल तिथेच थांबली. फसवणुकीची सुरुवात बिलात नव्हती, त्या हसण्यात होती. आपल्याला काही कळत नाही हे उघड होईल, मुलीसमोर मान खाली जाईल, या धास्तीने एका कष्टकरी माणसाने साडेआठ हजार रुपये मोजले होते. ज्या तारापुरात १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि ज्या एमआयडीसीत आपली माणसे रात्रंदिवस यंत्रे चालवतात, तिथल्याच कामगाराने एका यंत्राच्या दुकानात स्वतःला अडाणी का समजावे?

"बिलात दाखवा!"

पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्यासोबत त्या दुकानात गेलो. दुकानाचे नाव आम्ही येथे देत नाही. कारण हे एका दुकानाचे दुखणे नव्हे. ज्या मुलाने विक्री केली होती तो नोकरी सोडून गेला होता. व्यवस्थापक भेटले. बोलणे गोड होते. आम्ही एकेक मुद्दा काढला. मुलाने हप्ता चार हजार सांगितला होता. मुलाने सांगितले होते की वर्ड-एक्सेलचे सॉफ्टवेअर कायमचे आहे, पण महिन्याभरातच ते पैसे मागू लागले आहे. मुलाने सांगितले होते की बॅग आणि माऊस फुकट, ते मिळालेच नाहीत.

व्यवस्थापकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच वाक्य उच्चारले, "साहेब, तो काय बोलला ते मला माहीत नाही. तुम्ही बिलात दाखवा."

आम्हाला राग आला. पण खरे सांगायचे तर त्या माणसाने आम्हाला फुकटात धडा दिला. आमच्या ऑफिसातही आम्ही हेच करतो. व्हाउचरवर सही नसेल तर कितीही ओळखीचा माणूस असला तरी पैसे सोडत नाही. कागद बोलतो, माणूस बदलतो. मग आपण घरची सर्वांत मोठी खरेदी तोंडी शब्दावर कशी करतो?

त्या दिवशी हाती काही लागले नाही. घरी येऊन आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. तक्रारीचा क्रमांक मिळाला. वाढीव वॉरंटी आणि स्क्रीन संरक्षण यांच्या अर्जांवर गृहस्थांची सहीच नव्हती, हा मुद्दा आम्ही त्यात मांडला. काही दिवसांनी दुकानातूनच फोन आला आणि त्या दोन बाबींचे ४,४९८ रुपये परत मिळाले. अँटीव्हायरसचे पाकीट फोडलेले होते, ते गेले. वर्ड-एक्सेलबद्दल काहीच करता आले नाही, कारण बिलात त्याचा उल्लेखच नव्हता. मुलीने आता लिबरऑफिस नावाचे मोफत सॉफ्टवेअर घेतले आहे आणि तिचे काम व्यवस्थित चालले आहे.

म्हणजे शेवटी जादा गेले ४,०९८ रुपये. त्यात रोखीची सवलत गमावली ती २,०००, मंजुरीचे शुल्क १,१९९ आणि अँटीव्हायरसचे ८९९. हा पूर्ण विजय नव्हे. पण अर्ज वाचला आणि आवाज काढला तर निम्म्याहून अधिक परत मिळाले, हेही खरे.

आमचीही चूक सांगतो

दुसऱ्याच्या चुका लिहिणे सोपे असते. म्हणून आमचीही सांगतो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली, शाळा मोबाईलवर भरू लागल्या. घरात दोन मुले आणि मोबाईल एक. २०२१ साली आम्ही ओळखीतून एक जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप १९,००० रुपयांना घेतला. विकणारा म्हणाला, "साहेब, आय फाइव्ह आहे. बिल घेतले तर अठरा टक्के कर लागेल. कशाला उगाच?" आम्ही बी.कॉम. झालेलो, रोज दुसऱ्याचे हिशेब तपासणारे. तरीही मोह झाला आणि बिलाशिवाय घेतला.

आठवड्याभरात बॅटरी चाळीस मिनिटांवर आली. परत गेलो तर तो ओळखच दाखवीना. आणि ते "आय फाइव्ह" प्रकरण पुढे आमच्या मुलानेच उलगडून सांगितले.

आय फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचे नाव आहे. हे नाव २००९ सालापासून चालत आलेले आहे. म्हणजे २०१० सालचाही आय फाइव्ह आणि २०२२ सालचाही आय फाइव्हच! फरक कळतो तो पुढच्या आकड्यावरून, त्याला पिढी म्हणतात. ४३०० असेल तर चौथी पिढी, ८२५० असेल तर आठवी. आकडा एकने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे वाचायचे, म्हणजे १२३५ असेल तर बारावी पिढी. आमचा निघाला चौथ्या पिढीचा, २०१३-१४च्या सुमाराचा. नव्या पिढीचा आय थ्री जुन्या पिढीच्या आय फाइव्हला सहज मागे टाकतो. २०२३च्या अखेरीपासून इंटेलने नव्या प्रोसेसरच्या नावातून "आय" हे अक्षरच काढायला सुरुवात केली आहे, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडली आहे. तेव्हा नुसते "आय फाइव्ह" ऐकून मान डोलावू नका. पूर्ण नाव कागदावर लिहून मागा.

हे आज अधिक महत्त्वाचे झाले आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या यंत्रांवरच अधिकृतपणे चालते. ऑफिसे आणि कंपन्या त्यामुळे जुनी यंत्रे काढून टाकतात आणि तीच पुसून-पासून बाजारात येतात. जुने यंत्र घेणे वाईट नाही. चांगल्या दुकानातून बिलासह, आठवी पिढी किंवा त्यापुढचे यंत्र मिळाले तर गरीब घरच्या विद्यार्थ्याला ते वर्षानुवर्षे पुरते. पण चौथ्या-सहाव्या पिढीचे यंत्र "एकदम नव्यासारखं" म्हणून गळ्यात मारत असतील तर दोन पावले मागे या.

काउंटरच्या पलीकडचा मुलगा

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर हा लेख एकांगी होईल.

आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा बोईसरच्या एका दुकानात दोन वर्षे कॉम्प्युटर विकत होता. आपल्याच वस्तीतला, एम.एस.सी.आय.टी. केलेला, सरळ मुलगा. त्याला आम्ही विचारले, "बाबा रे, तुम्ही लोक असे का करता?"

तो म्हणाला, "काका, सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभं राहायचं. बसलेलं दिसलं तर बोलणी. पगार थोडा, बाकी सगळं टार्गेटवर. लॅपटॉप विकला त्याचं कौतुक नाही. त्याच्याबरोबर वॉरंटी किती लावल्या, विमा किती लावला, कर्ज किती केलं, हे रोज रात्री विचारतात. चांगलं मशीन विका असं कुणी सांगत नाही, पडून राहिलेलं विका असं सांगतात."

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला माहीत नव्हती. मोठ्या दुकानात एखाद्या कंपनीचा टी-शर्ट घालून उभे असलेले सगळेच मुलगे दुकानाचे नोकर नसतात. काही त्या त्या कंपनीने ठेवलेले असतात. त्यांना आपल्याच कंपनीचे यंत्र विकायचे असते. तुमच्या मुलीला काय लागते हे विचारण्याआधीच त्याचे उत्तर ठरलेले असते. तेव्हा "आपण कंपनीचे की दुकानाचे?" असे सरळ विचारावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

शेवटी आम्ही त्याला विचारले, गिऱ्हाईकाने काय केले तर तुम्ही सरळ वागता? तो हसला. "काका, गिऱ्हाईकानं खिशातून कागद-पेन काढलं ना, की आमची भाषाच बदलते. लिहून घेणाऱ्या माणसाला कुणी थापा मारत नाही."

तेव्हा दुकानात गेल्यावर त्या मुलावर ओरडू नका. तोही कुणाच्या तरी पोटचा आहे आणि कदाचित आपल्याच गल्लीतला. त्याला माणूस म्हणून वागवा, पण त्याचा शब्द कागदावर उतरवून घ्या.

काही बरे-वाईट अनुभव

पालघरच्या एका अंगणवाडी सेविका ताईंचा अनुभव ऐका. त्या मुलीला आणि धाकट्या भावाला घेऊन गेल्या. पैसे ताईंचे, वापरणार मुलगी, पण विक्रेता सारे समजावून सांगत होता ते भावाला. त्या भावाचा कॉम्प्युटरशी संबंध सिनेमा पाहण्यापुरता! मुलीने प्रश्न विचारला की उत्तर मामाकडे बघून मिळायचे. शेवटी ताई म्हणाल्या, "वापरणार ती आहे. तिच्याशी बोला, नाहीतर आम्ही निघतो." विक्रेता वरमला आणि त्यानंतर नीट बोलला. हे एक वाक्य प्रत्येक आईने पाठ करून ठेवावे.

चांगली माणसेही आहेत. २०२३ साली आमच्या मंडळातल्या एका कार्यकर्त्याचा कॉम्प्युटर इतका संथ झाला की नवा घ्यायचे ठरले. स्टेशनजवळच्या एका छोट्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि म्हणाला, "नवा घेऊ नका. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावू, रॅम वाढवू." तीन हजारांच्या आत काम झाले आणि तो कॉम्प्युटर आजही चालू आहे. ज्याच्याकडे विकायला नवीन काही नसते, त्याचा सल्ला कधी कधी अधिक खरा असतो. म्हणून नवे घेण्याआधी एकदा दुरुस्तीवाल्याला विचारावे.

काही जण म्हणतात, इथे कशाला, सरळ ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जावे. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या लोकांना ते सोपे झाले आहे. तिथे निवड भरपूर आणि चार दुकाने फिरून भाव करता येतो, हे खरे. पण दिवसाचा खाडा, जाण्यायेण्याचा खर्च आणि यंत्र बिघडले तर पुन्हा तोच प्रवास, हेही हिशेबात धरा. दुकान कुठलेही असो, कंपनीचे दुरुस्ती केंद्र आपल्या जवळ कुठे आहे हे आधी विचारा.

दुकानात जाण्यापूर्वी

आता कामाचे बोलू. आमच्या विहारात रविवारच्या बैठकीनंतर मुला-मुलींना बसवून आम्ही एक कागद तयार केला आहे. दुकानात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तो देतो. त्यातल्या गोष्टी अशा.

पहिली, काम लिहा. टायपिंग, एक्सेल, टॅली, ऑनलाइन अर्ज आणि अभ्यास एवढेच असेल तर महागडे ग्राफिक कार्ड लागत नाही. कॉलेजने काही विशिष्ट सांगितले असेल तर ते कॉलेजकडून लिहून आणा. "पुढे लागेल" या एका वाक्यावर दहा हजार रुपये वाढतात.

दुसरी, चार गोष्टी विचारा: प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम किती, एसएसडी किती, आणि विंडोज अधिकृत आहे का. आज नवे यंत्र घेताना आठ जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नये. वर्ड-एक्सेल कायमचे की ठरावीक दिवसांचे, हेही तिथेच विचारा.

तिसरी, आपले बजेट न लाजता सांगा. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. पंचवीस हजार असतील तर पंचवीस हजारच म्हणा. कुणी हसले तर त्याचे संस्कार दिसतात, आपली गरिबी नव्हे. दुसरे दुकान असतेच.

चौथी, त्याच दिवशी घेऊ नका. "ऑफर आजच संपते" असे म्हणाले तर भाव कागदावर लिहून घ्या आणि घरी या.

पाचवी, खोका आपल्यासमोर उघडायला लावा. यंत्रावरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळवून पाहा. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बहुधा तिथेच कळते.

बिल हा आपला हक्क आहे

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याच्या जागी २०१९चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२०पासून अमलात आहे. या कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे, हीसुद्धा अनुचित प्रथाच. तेव्हा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. मात्र माल चांगला आहे आणि केवळ आपले मन बदलले, तर हा नियम उपयोगी पडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्या किमतीवर वेगळा कर कुणी मागत असेल तर देऊ नका. पक्क्या बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ने सुरू होतो. "बिल नको, कर वाचेल" असे सांगणारा माणूस तुमचा कर वाचवीत नाही, तुमचा पुरावा नष्ट करतो. आमचे १९,००० रुपये याची साक्ष देतील.

शून्य टक्क्याचा हप्ता

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, व्याज शुल्काच्या नावाखाली लपवू नका. तरी पाट्या झळकतच असतात. म्हणून विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा. रोखीने किती? आणि हप्त्याने पहिल्या रुपयापासून शेवटच्या रुपयापर्यंत एकूण किती? दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी करा. उरते ते व्याज, त्याला कुणी काहीही नाव देवो.

१ ऑक्टोबर २०२४नंतर दिलेल्या किरकोळ कर्जांसाठी बँक किंवा वित्त कंपनीने कर्जाची मुख्य माहिती एका पत्रकात देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात सगळी शुल्के धरून वर्षाचा दर किती पडतो तो आकडा असतो. हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे आणि त्याला समजावून सांगावे, असा नियम आहे. म्हणजे "मला मराठीत द्या" असे म्हणणे ही विनवणी नव्हे, तो आपला अधिकार आहे. ते वाचल्याशिवाय मोबाईलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. आजकाल तीच आपली सही आहे.

तक्रार कोठे करावी?

प्रथम दुकानाला लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. मग १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेथेही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करण्याची सोय नव्या कायद्याने केली आहे, मग खरेदी मुंबईतली असो की ऑनलाइन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला कोणतेही शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. ई-जागृती या शासकीय पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पदरी पडले आणि पवित्र झाले, ही वृत्ती आता सोडली पाहिजे.

शेवटी एक विनंती

त्या गृहस्थांची मुलगी आता दुसऱ्या सत्रात आहे. मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या एक वहिनी मुलासाठी कॉम्प्युटर घ्यायला निघाल्या, तेव्हा आम्ही त्या मुलीलाच सोबत धाडले. तिने वही उघडली, चारही प्रश्न विचारले, रोख आणि हप्ता यांची वजाबाकी तिथल्या तिथे केली आणि वाढीव वॉरंटीला स्पष्ट नकार दिला. वडील रात्रपाळी करून आलेले, दाराशी उभे राहून हे पाहत होते. घरी येताना ते आम्हाला एवढेच म्हणाले, "दादा, माझे चार हजार वसूल झाले."

आपल्या प्रत्येक वस्तीत कॉम्प्युटर शिकलेला एक तरी मुलगा किंवा मुलगी आहे. त्यांनी महिन्यातला एक रविवार अशा कुटुंबांसाठी द्यावा, त्यांच्यासोबत दुकानात जावे, कागद वाचून दाखवावा. न कळणे ही लाजेची गोष्ट नाही. कळत नसताना लाजेपोटी सही करणे, हे मात्र आपल्या कष्टाच्या पैशावर अन्याय करणे आहे.

दुकानात मान ताठ ठेवण्यासाठी महाग वस्तू घ्यावी लागत नाही. त्यासाठी खिशात एक पेन पुरे.

आपले असे बरे-वाईट अनुभव जरूर लिहून कळवावेत. दुसऱ्याचा एक हप्ता जरी त्यामुळे वाचला, तरी लिहिल्याचे चीज होईल.